कापलं तर ठिपके

आधी एक कबूल करून टाकते आणि हसून घेते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. चौकटराव म्हणजे कुणीतरी रिटायर्ड जज असणार, अशी टाकीकट्ट्यावर सगळ्यांची पक्की खात्री होती. ही सांगणारीही त्यातलीच. डोळ्यांसमोर चित्र तयार होतं: उंचापुरा, कडक इस्त्रीतला माणूस, हातात काठी, टेबलावर पितळी घंटी, आणि चहा आणणाऱ्यानंसुद्धा दारावर टकटक करूनच आत यायचं. प्रत्यक्षात निघाले कोण, तर फोटोंच्या फ्रेमा करणारे एक किडकिडीत गृहस्थ. भुवयांत लाकडाचा भुसा, बोटांना वाळलेला सरस, आणि बायकोनं हाक मारली की हातातला खिळा टाकून धावणारे. आता हसू नको तर काय करू?

टाकीकट्टा म्हणजे इंटरनेटवरचा कट्टा. घरात काचेच्या टाकीत मासे पाळणारी माणसं तिथे जमतात. एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नसतं, पण कुणाच्या टाकीत गोगलगायी माजल्यात आणि कुणाचा पंप खरखरतोय हे सगळ्यांना ठाऊक. खरं नाव कुणी लावत नाही. एक बुडबुडा आहे, एक पंपवाला आहे, कट्ट्याची देखरेख करणाऱ्या शेवाळताई आहेत, आणि एक चौकट. त्यांच्या आयडीला 'राव' लोकांनी लावला, निव्वळ धाकापोटी.

धाक कसला, तर लिहिण्याच्या पद्धतीचा. माणूस माशांपेक्षा अक्षरांची काळजी जास्त घ्यायचा. दुसऱ्याचं बोलणं प्रतिसादात घ्यायचं असेल तर ते करड्या पेटीत टाकायची सोय कट्ट्यावर आहे, पेटीवर त्या माणसाचं नाव आपोआप येतं. चौकटरावांचा नियम असा की पेटीत दोन ओळींच्या वर काही नको. ज्याला उत्तर द्यायचंय तेवढंच घ्यायचं. आणि उत्तर पेटीच्या खाली, वर कधीच नाही. एका नवख्यानं वर उत्तर लिहिलं तर यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आधी जेवतात आणि मग येतात का?" जाड अक्षरात लिहिणं म्हणजे ओरडणं, ते बंद. विनोद तिरक्या अक्षरात, कारण त्यांनी सरळ अक्षरात केलेला विनोद आजवर कुणाला कळलाच नव्हता. कुणी भलामोठा प्रतिसाद अख्खा पेटीत भरून खाली नुसतं "+१", म्हणजे मलाही पटलं, एवढंच लिहिलं, की यांचं ठरलेलं वाक्य: "एवढं पोतं पाठीवर घेऊन आलात, आणि आत एक शेंगदाणा."

आणि सगळ्यांत वरचा नियम, जो ते प्रत्येक नवीन माणसाला पाजायचे: कापलं तर ठिपके. दुसऱ्याच्या बोलण्यातलं काही गाळलंत, तर तिथे तीन ठिपके द्यायचे. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की इथे अजून काही होतं. हे नियम कट्ट्याचे नव्हते बरं का, त्यांचे स्वतःचे होते. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून लोकांना ते कट्ट्याचेच वाटायला लागले होते.

ह्या सगळ्याला भीक न घालणारी एकच आयडी होती. तिचं नाव तळाशी.

तळाशी पेट्याबिट्या काही वापरायची नाही. तिची स्वतःची तऱ्हा होती. पहिल्या ओळीत ती जग काय म्हणतं ते लिहायची, आणि दुसऱ्या ओळीपासून स्वतःचं. मध्ये ना खूण, ना रेघ. समजा तिनं लिहिलं, "मासे पाळणं म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा," तर ते तिचं मत नव्हे. खाली बघायचं. खाली लिहिलेलं असायचं, "असं माझी जाऊ म्हणते, आणि मग टाकीसमोर खुर्ची ओढून तासभर बसते." नवखे गोंधळायचे. जुन्या लोकांना सवय झाली होती. चौकटरावांनी एकदा तिला सुनावलंही होतं, "दुसऱ्याचं बोलणं पेटीत टाकत चला." त्यावर ती म्हणाली, "पेटीत कशाला कोंडू? बोलणारे माझ्या समोरच उभे असतात."

हे त्यांनी वाचलं होतं. लक्षातही ठेवलं होतं. पुढे जे झालं त्यात सगळ्यांत वाईट भाग हाच, की त्यांना ठाऊक होतं.

झालं असं. एका नवीन माणसानं विचारलं, टाकीतलं पाणी गढूळ झालंय, मासा सुस्त आहे, काय करू? चौकटरावांनी ठोकून दिलं: सगळं पाणी ओता, टाकी घासा, नवीन भरा. तळाशी म्हणाली, असं करू नका, थोडं थोडं बदला, एकदम सगळं बदललं की माशाला झेपत नाही. हे म्हणाले घाण ती घाण. ती म्हणाली घाण जाईल, पण माशाचा जीवही जाईल. असं पान दोन पानं चाललं. आणि मग तिनं लिहिलं:

"मासा आहे तो, माणूस नाही. गेला तर दुसरा आणायचा.
आमचे डॉक्टर असं म्हणतात. म्हणू देत. दवाखान्यातला आमचा म्हातारा असाच सुस्त पडला होता. मी रोज दोन तांबे पाणी काढलं, दोन तांबे घातलं, आणि तो उठून पोहायला लागला. सगळं पाणी ओतून वाचलेला एक तरी मासा चौकटरावांनी दाखवावा."

ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, आणि म्हातारा म्हणजे तिथल्या टाकीतला केशरी मासा, हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत होतं.

चौकटरावांनी हे दुकानात वाचलं. समोर खिळ्यांचा डबा, त्याला टेकवलेला फोन, हातात अर्धवट कापलेली पट्टी. त्यांचे कान गरम झाले. दाखवण्यासारखा मासा त्यांच्याकडे एकही नव्हता. दोन मासे त्यांनी स्वतः त्याच पद्धतीनं घालवले होते, आणि ते कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. बोट आपोआप तिच्या पहिल्या ओळीवर गेलं. तेवढी ओळ उचलली, पेटीत टाकली. पेटीवर तिचं नाव आलं. खाली यांनी लिहिलं, "ज्यांना मासा म्हणजे बदलायची वस्तू वाटते, त्यांच्याशी पाण्याबद्दल काय बोलायचं?"

मग ठिपक्यांची आठवण झाली. झाली, हे महत्त्वाचं. अंगठा त्या ओळीच्या शेवटी नेलाही. ठिपके दिले असते, तर कुणीतरी विचारलं असतं, पुढे काय होतं? अंगठा थोडा वेळ तिथेच राहिला, आणि मग त्यांनी ठिपक्यांशिवाय ते पाठवून दिलं.

पुढचं काय सांगू. कट्ट्यावरची माणसं तशी प्रेमळ हो, पण एकाला पाडलं की बाकीच्यांना बसायला जागा हवी असते. +१ वर +१ पडले. कुणी म्हणालं शी. कुणी म्हणालं अशा बाईच्या हाती मासे द्यायलाच नकोत. बुडबुड्यानं तर कमाल केली, ती ओळ उचलून आपली स्वाक्षरीच करून टाकली. म्हणजे तो कुठेही काही लिहो, पंपाबद्दल का होईना, खाली आपलं, "गेला तर दुसरा आणायचा."

तळाशीनं एकदा सांगून पाहिलं. "ती ओळ माझी नाही. आमच्या डॉक्टरांची आहे. पुढचं वाचा ना."

पंपवाला म्हणाला, "ताई, पेटीवर नाव तुमचंच आहे."

आणि होतंच की. तिचा मूळ प्रतिसाद तोवर दोन पानं मागे गेला होता. मागची पानं उलटून वाचणारा वाचक आणि दुकानाची पावती जपून ठेवणारा नवरा, दोघंही लाखात एक. कोण जातंय मागे?

चौकटरावांनी एक वाक्य लिहिलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी ठरवलंही, उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी शेवाळताईंनीच त्यांचं कौतुक केलं, "चौकटराव थोडक्यात पण नेमकं बोलतात." आता ह्यावर काय लिहिणार? मग उशीर झाला म्हणून लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून आणखी उशीर झाला.

त्यानंतर तळाशीनं नवा धागा, म्हणजे नवी चर्चा, काढला. "म्हातारा एका कुशीवर कलंडलाय. खात नाही. काय करू?"

पहिला प्रतिसाद बुडबुड्याचा: "दुसरा आणायचा." दुसरा कुणाचा तरी, तोच. तिसरा, तोच, सोबत हसरं तोंड. पुढे कुणी काही लिहिलंच नाही. ज्यांना काही सांगता आलं असतं, ते वरची थट्टा वाचून गप्प बसले.

चौकटरावांनी तो धागा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. त्यांचा एक मासा असाच कलंडला होता आणि वाचला होता. काय केलं होतं ते त्यांना आठवत होतं. पाणी कमी केलं होतं, खाणं थांबवलं होतं, टाकीवर फडकं टाकून अंधार केला होता. कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता. लिहायला घेतलंही. पण त्या धाग्यात लिहायचं म्हणजे वरच्या तीन प्रतिसादांच्या खाली लिहायचं, आणि त्या तिघांचं मूळ कुठे होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लिहिलेलं पुसलं आणि ते गिऱ्हाईकाची काच पुसायला लागले. आधीच लख्ख होती ती.

काही दिवसांनी त्याच धाग्यात तळाशीनं लिहिलं, "गेला."

एवढंच. तिच्याकडे नेहमी पहिली ओळ जगाची असायची आणि दुसरी तिची. ह्या वेळी एकच ओळ होती. त्यानंतर ती कट्ट्यावर दिसली नाही.

आता चौकटरावांचं काय झालं ते ऐका. माणूस कामातून गेला. पट्टी पंचेचाळीस अंशात कापायची ती शेचाळीसात, मग कोपरा जुळेना, मग फट बुजवायला भुसा आणि सरस. घरी टाकीत दाणे टाकताना मान दुसरीकडे. मासे आपल्याकडे टक लावून बघतात असं त्यांना वाटायला लागलं. अहो, माशांना पापण्या नसतात, ते बिचारे कुणाकडे न बघताही टक लावूनच असतात. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

त्यांनी तळाशीला खासगी निरोप पाठवला. "त्या प्रतिसादाबद्दल दिलगीर आहे." उत्तर आलं नाही. निरोप वाचलाय अशी खूण मात्र आली. ती खूण ते दिवसातून चारदा उघडून बघायचे.

अशातच एक बाई घरातल्या सगळ्यांचा ग्रुप फोटो घेऊन दुकानात आल्या. फ्रेम करायची होती. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हा कडेला उभा आहे ना, तो आमच्या नणंदेचा नवरा. तेवढा कापून टाका. कडेलाच आहे, कळणार नाही."

अशी गिऱ्हाइकं ह्या धंद्यात नेहमीची. कुणाला जावई नको असतो, कुणाला भाऊ. चौकटरावांचं उत्तर इतक्या वर्षांत बदललं नव्हतं: "चित्र कापायचं नाही, पुठ्ठा कापायचा. चित्राएवढी फ्रेम करू. उद्या तुमचं भांडण मिटलं तर नणंदेच्या नवऱ्याला मी कुठून आणू?"

त्या दिवशी ते काही बोललेच नाहीत. फोटोकडे बघत राहिले.

बायको गल्ल्यावर होती. दुकान दोघांचं, पण बोलणं सगळं तिचं. तिला वाटलं, ह्यांचा घसा बसला असेल. तीच म्हणाली, आणि अगदी मान वर करून म्हणाली, "बाई, आमचे हे दुसऱ्याचं काही कापत नाहीत. जन्मात नाही. ते काम हवं असेल तर पलीकडच्या दुकानात जा."

चौकटराव म्हणाले, "द्या इकडे. कापतो."

बायकोचं पेन हातातच राहिलं. "काय?"

"कापतो म्हटलं. नाही म्हणणारा मी कोण?"

बायकोनं फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला, त्या बाईंना परत दिला आणि म्हणाली, "उद्या या हं. ह्यांना बरं नाहीये." बाई गेल्या. मग हिनं दाराची काच लावून घेतली, स्टूल ओढलं आणि समोर बसली.

"आता बोला. रोज बघतेय मी. फोन उघडायचा, तोंड पाडायचं, फोन मिटायचा. कुणा बाईचं प्रकरण आहे का?"

"बाईचंच आहे."

"अहो?"

"तसं नाही गं. कट्ट्यावरच्या. तोंडसुद्धा कधी पाहिलेलं नाही. लिहिणं कॉलेजातल्या पोरीसारखं आहे, कशाला धरबंध नाही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाणी, दोन तांबे, ती ओळ, म्हातारा मासा. बायकोला निम्मं कळलं नाही, पण बायकोला लागतं तेवढं कळलं.

"म्हणजे तिनं दुसऱ्याचं बोलणं सांगितलं, आणि तुम्ही ते तिच्या तोंडी घातलंत."

"हो."

"आणि ते तुमचे ठिपके? ज्याच्यावरून तुम्ही माझ्या भाच्याला एकदा तासभर पिडलं होतंत?"

"दिले नाहीत."

"विसरलात?"

इथे हो म्हणायची सोय होती. बायकोनं स्वतःच पुढे केली होती. चौकटराव म्हणाले, "नाही. विसरलो नाही."

काउंटरवरचा भुसा तळहातानं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "माफी मागितलीत?"

"खासगी निरोप पाठवला."

"खासगी? अपमान चौकात आणि माफी गल्लीत?"

"सगळ्यांसमोर लिहिलं तर हसतील लोक मला. इतकी वर्षं त्यांना शिकवत आलोय."

"हसू देत की. इतकी वर्षं तुम्ही त्यांना हसलात ना, त्या तिरक्या अक्षरात? ते मेले का?" आणि उठता उठता म्हणाली, "मासा मेला, तो वेगळा."

हे तिनं मुद्दाम म्हटलं की सहज, हे चौकटरावांना अजून ठरवता आलेलं नाही. पण लागलं.

त्यांनी तिथेच, काउंटरवर कोपरं टेकून, लिहायला घेतलं. नवा धागा. नाव दिलं, "मी कापलेलं बोलणं". पहिल्या पेटीत तळाशीचा तो प्रतिसाद टाकला, अख्खा. दोन ओळींचा नियम स्वतःच्या हातानं मोडला. दुसऱ्या पेटीत स्वतःचा प्रतिसाद, तोही अख्खा. आणि खाली लिहिलं:

"पहिल्या पेटीतलं तळाशींचं आहे. त्यातली पहिली ओळ त्यांची नाही, पुढे तसं स्वच्छ लिहिलंय. त्या पहिली ओळ दुसऱ्यांची लिहितात, हे मला माहीत होतं. मी तेवढीच ओळ घेतली आणि पुढचं कापलं, कारण पुढच्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाण्याबद्दल त्या बरोबर होत्या. सगळं पाणी ओतून मी दोन मासे घालवले आहेत. कापलं तिथे ठिपके दिले नाहीत. विसरलो नव्हतो. जिंकायचं होतं. त्यांचा म्हातारा आजारी पडला तेव्हा मला सांगण्यासारखं काही होतं, तेही सांगितलं नाही. ह्याला माफी हा शब्द पुरत नाही, पण दुसरा शब्द मला येत नाही."

शेवटी दुकानाचा पत्ता दिला. "तोंडावर बोलायचं असेल तर मी दिवसभर इथेच असतो." सगळं सरळ अक्षरात. मग डोळे मिटून पाठवलं.

पहिला प्रतिसाद एका नवख्याचा. "काका, पेटीत दोन ओळींच्या वर नको ना?"

"ह्या वेळी हवं," चौकटरावांनी लिहिलं.

मग पंपवाला आला. त्यानं यांचा धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पत्त्यासकट, पेटीत भरला आणि खाली लिहिलं, "+१". पोतं आणि शेंगदाणा. चौकटरावांच्या ओठावर ते वाक्य आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पंपवाल्यानं बहुतेक जाणूनच केलं असणार. बुडबुड्यानं तर त्यातले दोनच शब्द उचलले, "जिंकायचं होतं", पेटीत टाकले, ठिपके अर्थातच नाहीत, आणि खाली मोठं हसरं तोंड. वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस फुशारकी मारतोय. चौकटरावांनी ते वाचलं. आपलं बोलणं कुणी कापलं की असं वाटतं तर, एवढंच त्यांच्या मनात आलं. उत्तर दिलं नाही.

शेवाळताईंनी तो धागा कट्ट्यावर सगळ्यांत वर चिकटवून ठेवला. मागची दोन पानं आता लोक उलटून वाचायला लागले. दोघातिघांनी आपले जुने प्रतिसाद खोडले. बुडबुड्याच्या स्वाक्षरीतली ती ओळ एके दिवशी गुपचूप नाहीशी झाली, पुढे त्यावर तो कधी बोलला नाही. पण तळाशी काही आली नाही. चौकटराव दारावरची घंटी वाजली की मान वर करायचे. कधी काच बदलायला कुणी आलेलं असायचं, कधी ती नणंदेच्या नवऱ्यावाली. तिला त्यांनी नवऱ्यासकट फ्रेम करून दिली, वर एक शब्द बोलले नाहीत.

आणि मग एका दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या आसपास, दवाखान्याचा निळा कोट, खिशाला दोन पेनं, पायात आवाज न करणाऱ्या चपला. पिशवीतून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. "फ्रेम करायचीय."

चौकटरावांनी चष्मा खाली ओढला. फोटोत काचेची टाकी होती. मधोमध एक केशरी मासा, शेपटीची कड फाटलेली, म्हातारा.

त्यांनी मान वर करायला बराच वेळ घेतला. केली तेव्हा त्या बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"तुम्ही जज नाही होय," त्या म्हणाल्या.

"तुम्हीही कॉलेजातली पोरगी नाही," हे म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांना वाटलं, जीभ चावावी.

बायकोनं न सांगता स्टूल पुढे केलं. तळाशीबाई बसल्या. चौकटरावांनी फोटोखाली कोरा कागद घातला, काढला, पुन्हा घातला.

"मी तेव्हा लिहिलं असतं तर," ते शेवटी म्हणाले, "अंधार करायचा, खाणं बंद, पाणी कमी. माझा एक वाचला होता त्यानं."

"मी ते सगळं केलं होतं," त्या म्हणाल्या. "वय झालं होतं त्याचं. तुम्ही लिहिलं असतं तरी गेला असता बहुतेक." चौकटरावांच्या खांद्यांवरचं ओझं किंचित हललं असेल नसेल, तोच त्या म्हणाल्या, "पण मला विचारायला दुसरी जागाच नव्हती. डॉक्टर म्हणायचे दुसरा आणू. घरी म्हणायचे दुसरा आण. एक जागा होती जिथे असं कुणी म्हणायचं नाही. तिथेही तेच आलं. ते मी विसरणार नाही, हां. सांगून ठेवते."

"विसरू नका," चौकटराव म्हणाले.

"तुमचं वाचलं मी. दोनदा वाचलं. म्हणून आलेय." आणि मग घसा साफ करून, काउंटरवर बसणाऱ्या बाईच्या आवाजात, "बरं, आता हे बघा. फोटो मीच काढलाय, पण ह्यात नको ते फार आहे. इथे काचेत मी दिसतेय, फोन धरलेली, तोंड उघडं. कोपऱ्यात ह्या कुणा पोराचा पंजा चिकटलाय काचेला. हे सगळं कापा. नुसता मासा ठेवा. प्रतीक्षेच्या खोलीत लावायचाय, टाकीच्या वर."

"कापत नाही," चौकटराव म्हणाले.

"म्हणजे?"

"चित्र कापत नाही मी. चित्राएवढी फ्रेम करतो."

"अहो, पण माझं तोंड."

"तोंड चांगलं आहे."

"उघडं आहे. दात दिसताहेत. दातांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईचे असे दात लावतात का भिंतीवर?"

बायकोनं पुढे वाकून पाहिलं. "अहो, खरंच उघडं आहे. कापा की एवढं. बाई स्वतः सांगताहेत, त्यांचाच फोटो आहे."

"मग निदान पुठ्ठ्यानं झाका," तळाशीबाई म्हणाल्या. "बाहेरून दिसलं नाही म्हणजे झालं."

"झाकलं काय नि कापलं काय."

"अहो चौकटराव, मासा हवाय मला, मी नकोय. आणि तो पंजा तर कुणाचा तेही माहीत नाही."

"रोज काचेला हात लावायला येणारा कुणीतरी असेल. तो होता ना तिथे?"

"होता."

"तुम्ही होतात?"

"मीच काढला म्हटल्यावर असणारच ना."

चौकटरावांनी कटर उचललं. फोटोवर पट्टी ठेवली, अगदी माशाच्या कडेला. "ठीक आहे, कापतो. गिऱ्हाईक म्हणतं तर कापतो. पण मग फ्रेमच्या खालच्या पट्टीवर तीन पितळी खिळे ठोकणार. शेजारी शेजारी."

"ते कशाला?"

"ठिपके."

तळाशीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोटोतल्या स्वतःच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून, हसू येऊ न देण्याच्या खटपटीत, त्या म्हणाल्या, "दवाखान्यात प्रत्येक पेशंट विचारेल, हे खिळे कसले."

"विचारू देत. तुम्ही सांगा, इथे एक बाई होती आणि एका पोराचा हात होता."

"दिवसभर तेच सांगत बसू?"

"मग कापू नका म्हणा."

त्यांनी पर्स मांडीवरून काढून काउंटरवर ठेवली, हरलेली माणसं ठेवतात तशी. "राहू द्या बाई. पूर्ण ठेवा."

चौकटरावांनी पट्टी उचलली, कटर डब्यात टाकलं, आणि मापाची टेप काढून फोटोची पूर्ण लांबी घेतली, पंज्यासकट. बायको पुटपुटली, "जिंकले एकदाचे."

तळाशीबाईंनी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. मग पुन्हा फोटोवर वाकल्या. "निदान काच अशी लावा, की माझ्या तोंडावर जरा उजेडाची चमक येईल."

"नाही," चौकटराव म्हणाले, आणि माप लिहून घेतलं.